गाळ्यांखालचा ओढा

भामाआत्यांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. मी 'परभणी' होते. आमच्या शेजारचे 'सांगली', समोरचे 'जळगाव', गल्लीच्या खालच्या टोकाला राहणारे केंद्रे 'लातूर'. माणूस कुठून आला ते एकदा विचारायचं आणि तेच त्याचं नाव ठेवायचं, ही त्यांची रीत. पुढे सांगलीचं आणखी एक कुटुंब राहायला आलं, तेव्हा आधीचे 'थोरली सांगली' झाले आणि नवे 'धाकटी'. "ए थोरली सांगली, तुमच्या दारातला दिवा लागत न्हाई का गं?" असं त्या रस्त्यातून ओरडल्या की गल्लीत आलेल्या पाहुण्यांना काही उमगायचं नाही. आम्हाला उमगायचं. दुसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस शिडी घेऊन खांबाशी उभा असायचा.

रहाटणीतली आमची गल्ली म्हणजे मुळात आत्यांचं शेत. त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, ते गुंठ्यागुंठ्यानं विकलं आणि भोसरी-चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेल्या आमच्यासारख्यांनी घेतलं. कुणी एक गुंठा, कुणी अर्धा. ज्याला जशी जमली तशी घरं उभी राहिली. वरच्या टोकाला आत्यांचं दुमजली घर. तिथून गल्ली उतरत उतरत मोठ्या रस्त्याला मिळते. मिळते तिथे, रस्त्याकडे तोंड करून, आत्यांच्या मुलाचे गाळे होते. मेडिकल, मोबाइल दुरुस्ती, टेलर आणि चिकनचं दुकान. गाळ्यांच्या पाठीला लागून केंद्र्यांचं घर. जोराचा पाऊस झाला की सगळ्या गल्लीचं पाणी त्यांच्या दारात येऊन थांबायचं, आणि थोड्या वेळानं ड्रेनेजचं चेंबर उलटं वाहायला लागायचं.

आत्या उंच होत्या, काटक होत्या, नऊवारी नेसायच्या. पायात मात्र नातवानं टाकून दिलेले स्पोर्ट शूज. "चपला चिखलात ऱ्हात्यात आन मी म्होरं जाते," असं त्यांनी त्याचं कारण सांगितलं होतं. सकाळी मिश्री लावून झाली की ते बूट घालून त्या गल्ली उतरायच्या, खालपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. कुठला पेव्हिंग ब्लॉक उखडलाय, कुठल्या खड्ड्यात कुणी घरचा राडारोडा टाकून 'दुरुस्ती' केलीय, कुठल्या गटारात कुणी नारळाची करवंटी लोटलीय, हे सगळं त्यांना नाश्त्याच्या आधी ठाऊक असायचं.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्या भर रस्त्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. टेम्पोच्या चाकाखाली चेंबरचं झाकण फुटलं होतं आणि लोकांनी त्या भोकात झाडाची फांदी उभी केली होती. आत्यांना फांदी पसंत नव्हती. "अंधारात फांदी कुनाला दिसती? मी दिसंन," असं म्हणून त्यांनी खुर्ची मागवली आणि भोकाशेजारी ठाण मांडलं. मांडीवर सुपात लसूण. मोटारसायकली आत्यांना वळसा घालून जात होत्या. दुपारी पालिकेचे कनिष्ठ अभियंता आले. घोलप त्यांचं नाव, वयानं तरुण, बदली होऊन नुकतेच आलेले.

"आजी, तुम्ही घरी जा. मी झाकणाचं बघतो."

"बगा की. मी कुठं नको म्हनते? मला हितं बसून बी लसूण सोलता येतो."

संध्याकाळी झाकण आलं. बसवून झाल्यावर आत्यांनी घोलपांनाच त्यावर उभं राहायला सांगितलं. ते हसत उभे राहिले. मग आत्या उठल्या, खुर्ची उचलली आणि त्यांना चहाला घरी घेऊन गेल्या. त्या दिवसापासून घोलपही त्यांना आत्या म्हणायला लागले.

तक्रार करणं म्हणजे भांडणं, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. आमच्या गल्लीतले पुरुष पालिकेत गेले की आवाज चढवून यायचे, दोन दिवस त्याचं वर्णन करायचे आणि गटार तसंच राहायचं. आत्या आवाज चढवत नसत. "तक्रारीला जायाचं तर पोटभर जेवून जावं," त्या सांगायच्या. "उपाशी मानसाला राग लौकर येतो, आन राग आला की सायबाला बरं वाटतं. तो म्हनतो, आदी नीट बोला, मंग बगू." हेल्पलाइनवर फोन लावला की पलीकडच्या मुलीची चौकशी आधी. कुठली गं तू, किती वाजेपर्यंत ड्युटी. मग सावकाश पत्ता, मग तक्रार.

एकदा त्यांच्या फोनवर निरोप आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. खड्डा तर दारात जशाचा तसा. आत्या मला घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेल्या, कारण मोबाइलमधलं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. तिथल्या मुलानं संगणकावर फोटो काढून दाखवला. ठेकेदाराच्या माणसानं पुरावा म्हणून टाकलेला. छान, काळाभोर, नुकतं डांबर पडलेला रस्ता. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो आमचा रस्ता न्हाई. हे निळं दार काळेवाडीचं हाय. ह्या घरात माझ्या मावसबहिनीची नात दिलीया."

तो मुलगा गोरामोरा झाला. मला वाटलं, आता आत्या बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांचं तरी झालं, ब्येस झालं. आता आमचं करा." आठवड्याभरात आमचाही रस्ता झाला.

त्या काळात पालिकेची निवडणूक झालेली नव्हती. नगरसेवक सगळे माजी झाले होते. लोक आत्यांकडे यायचे, कारण दुसरं कुणाकडे जावं ते कळत नव्हतं. मला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. आत्यांचं घर चढावर. त्यांच्या उंबऱ्याला पाणी कधी लागलं नाही. मुलगा दत्ताशेठ जमीनजुमल्याचे व्यवहार करणारा, हाताशी गाडी, सून मायाळू. या वयात दुसऱ्यांच्या गटारासाठी पालिकेचे जिने चढायची त्यांना काय गरज? एकदा परत येताना रिक्षात मी विचारलंच.

आत्या म्हणाल्या, "मालकांनी जमीन इकली तवा परत्येकाला काय सांगितलं ठावं हाय का? वीस फुटी रस्ता हाय, आन पान्याला उतार हाय, वढ्याला जातंय. तुझ्या सासऱ्याला बी तेच सांगितलं. मी च्या घिऊन दारात उभी व्हते. मी आयकलंय." आणि त्यानंतर विषय बदलून त्यांनी मला परभणीकडे ज्वारी कशी झाली ते विचारलं.

केंद्र्यांच्या घरी बाळ झालं त्या वर्षीचा पावसाळा मला चांगला आठवतो. केंद्रे चाकणला कामाला, त्यांची दुपारची शिफ्ट. घरात त्यांची बायको मीरा आणि आठवड्या-दोन आठवड्यांचं मूल. मीराच्या आईला गावाकडून यायला जमलं नव्हतं. दुपारी चारच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि तासाभरात गल्लीचा ओढा झाला. मी सुट्टीवर होते. खिडकीतून पाहिलं तर खालच्या टोकाला पाणी काळं झालेलं. म्हणजे चेंबर उलटलं होतं.

मी छत्री शोधेपर्यंत आत्या गल्लीत उतरल्याही होत्या. नऊवारीचा काचा वर खोचलेला, एक हात भिंतीला. मी मागोमाग गेले. केंद्र्यांच्या खोलीत गुडघ्याएवढं मैलापाणी. सिलिंडर तरंगत होता. मीरा बाळाला छातीशी धरून ओट्यावर चढून बसली होती, पाय पोटाशी घेऊन. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बाळ झोपलेलं.

"भिऊ नगं लातूर. दे, त्याला माझ्याकडं दे आन तू हिचा हात धर," आत्या म्हणाल्या. त्यांनी बाळाला पदरात गुंडाळलं, पदराची गाठ मारली आणि आम्ही तिघी त्या पाण्यातून, भिंतीला धरून, गल्ली चढून आलो. घरी आल्यावर सुनेला पाणी तापवायला सांगितलं, मीराला वरच्या मजल्यावरची खोली दिली, आणि न्हाणीघरात जाऊन स्वतःचे पाय बराच वेळ घासत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोलप जेटिंगची गाडी घेऊन आले. गाडीचा जाड नळ चेंबरमध्ये सोडला की तो जोरदार पाण्यानं लाइन साफ करत पुढे जातो. इथे तो थोडा गेला आणि थांबला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच थांबला. गाडीवरच्या माणसानं घोलपांकडे पाहिलं, घोलपांनी गाळ्यांकडे. आत्या शेजारीच उभ्या होत्या.

"आत्या, बोलू का?" घोलप हळू आवाजात म्हणाले. "ह्या दोन गाळ्यांखालून जुना ओढा आहे. बांधताना ओढ्यात पाइप टाकून वर स्लॅब घातलाय. पाइप फार लहान आहे. आम्ही दर वर्षी येतो, साफ करतो आणि जातो. पण पाणी मावणारच नाही त्यात."

"मंग आजवर बोलला का न्हाईस?"

"तक्रारीत गाळ्यांचं नाव कधी कुणी लिहिलं नाही. आणि गाळे तुमचे."

टेलरच्या दुकानापुढच्या फरशीकडे बघत आत्या म्हणाल्या, "हितं मी गोदड्या धुतल्यात." मग बूट ओढत घरी गेल्या.

मीरा आणि बाळ त्यांच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे त्या दिवसांत मी रोज डबा घेऊन तिकडे जात होते. त्यामुळे आत्या आणि दत्ताशेठ या मायलेकांचं बोलणं कानावर पडायचं. दत्ताशेठ वाईट माणूस नव्हता हे सांगायला हवं. गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की पहिली गाडी त्याची निघायची. पाणी शिरलं त्या रात्री केंद्र्यांचं सामान उचलायला तोच उतरला होता.

"किती रुंद पाइप टाकलाईस रं?" आत्यांनी विचारलं.

"मिस्त्रीनं सांगितला तो टाकला, आई."

"मिस्त्रीनं वढा बगितला व्हता का? तू बगितला व्हतास. पवायला तितंच शिकलास."

"मी एकट्यानं केलंय का? वरनं खालपतूर सगळ्यांनी वढा दाबलाय. त्यांचं पाडा म्हनावं आदी."

"त्यांची आई मी न्हाई."

दत्ताशेठ जेवणाच्या ताटावरून उठला. जाताना म्हणाला, "त्या गाळ्यांवर लोकांची पोटं हायत. टेलरचं हाय, चिकनवाल्याचं हाय. त्यांना काय सांगनार तू?" आत्यांनी त्याचं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तोच विषय, तिसऱ्या दिवशीही. मग एक दिवस त्यांनी मला खाली बोलावलं.

"परभनी, कागद घे. तक्रार लिव्हायची."

आत्यांना सही येत होती, मोठं लिहायला त्रास व्हायचा. मी लिहायला बसले. खालच्या बाजूला पाणी तुंबतं, घरात मैलापाणी शिरतं, ओल्या बाळंतिणीला बाहेर काढावं लागलं, कारण ओढ्यावर दोन गाळे बांधले आहेत आणि खालचा पाइप अपुरा आहे. एवढं झालं. "आता लिव्ह, गाळे दत्तात्रय यांचे." मी पेन थांबवलं.

"आत्या, दादांचं नाव घालायचं?"

"मंग काय शेजाऱ्याचं घालतीस?" त्या म्हणाल्या. "आन खाली लिव्ह, जागा माझ्या नावावर हाय. पाडायला माझी ना न्हाई."

नंतर नेहमीसारखी, एकेक अक्षर सुटं काढून, त्यांनी सही केली.

पालिकेत नागरिकांच्या तक्रारी ऐकायची सभा असते, त्या सभेत हा अर्ज आला. हॉलमध्ये खुर्च्या, पुढे टेबलाशी अधिकारी. कुणी कुत्र्यांबद्दल बोललं, कुणी पाण्याच्या कमी दाबाबद्दल. दत्ताशेठ मागच्या रांगेत येऊन बसला होता. तो कुणाच्या सांगण्यावरून आला ते मला माहीत नाही. आत्यांचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या आणि गल्ली, चेंबर, पाणी, सगळं सांगितलं.

"अतिक्रमण कुणाचं आहे, आजी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या ल्योकाचं. त्यो काय मागं बसलाय."

हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. दत्ताशेठ उठून उभा राहिला. कान लाल झालेले. "आई, घरात बोलायचं व्हतं ना," एवढंच तो म्हणाला.

"घरात बोलले की. तू आयकलं न्हाईस."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दत्ताशेठला त्यांनी विचारलं, काही हरकत नोंदवायची आहे का? हरकत घेतली असती तर प्रकरण कोर्टात गेलं असतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं असतं, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी तो "न्हाई" म्हणाला आणि कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेला.

ओढ्यावरचे दोन्ही गाळे दिवाळीनंतर पडले. टेलरला आत्यांनी स्वतःच्या घराखालच्या पार्किंगमध्ये जागा दिली, तिथे तो आजही मशीन चालवतो. चिकनवाल्याला घराखाली जागा देता येईना. तो जाताना आत्यांच्या दारात आला आणि म्हणाला, "आत्या, पुण्य तुमचं झालं, पोट माझं गेलं." आत्या दारात उभ्या राहिल्या आणि त्याचा टेम्पो जाईपर्यंत आत गेल्या नाहीत. पुढे महिनाभर त्या थेरगावपर्यंत ओळखीच्यांकडे त्याच्यासाठी गाळा विचारत फिरत होत्या. त्याला तोवर जागा मिळाली होती, पण धंदा पहिल्यासारखा बसला नाही असं नंतर कळलं.

दत्ताशेठनं चऱ्होलीला फ्लॅट घेऊन ठेवला होता. तो बायकामुलांसह तिकडे राहायला गेला. जाताना भांडण झालं नाही. सामान भरलं, सुनेनं पाया पडून डोळे पुसले, दत्ताशेठ गाडीतच बसून राहिला. पुढे तो सणासुदीला बायकोला आणि मुलाला पाठवायचा, स्वतः येत नसे. फोनवर बोलत नसे. गल्लीतल्या काहींनी आत्यांनाच दोष दिला. "गटारापायी घर फोडलं," असं थोरली सांगली माझ्या तोंडावर म्हणाली, आणि तिच्या घरातलं पाणीही त्याच ओढ्याला जात होतं.

आत्यांनी याबद्दल कुणाशी चर्चा केली नाही. एकदाच, मी भाकरी द्यायला गेले असताना, त्या ताटावर बसून म्हणाल्या, "एकटीसाठी चूल पेटवायला हात उठत न्हाई बग." दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला जाण्याआधी त्यांच्याकडे चहाला थांबू लागले. त्या चहा दोघींचा करायच्या.

पुढच्या पावसाळ्यात नवीन, रुंद काँक्रीटच्या नाल्यातून पाणी गेलं. पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी आम्ही सगळे खालच्या टोकाला छत्र्या घेऊन उभे होतो. पाणी आलं, थोडं गोळा झालं, गोल फिरलं आणि निघून गेलं. मीरा मुलाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिचा उंबरा कोरडा राहिला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. तेवढ्यात जळगाव म्हणाले, "आत्या, नाल्यासाठी खोदलेला रस्ता तसाच ठेवलाय हो. त्याचं काय?" आत्या म्हणाल्या, "उद्या जेवून जाते."

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या न्हाणीत घसरल्या आणि मनगट मोडलं. मीच त्यांना दवाखान्यात नेलं आणि सुनेला फोन केला. अर्ध्या-पाऊण तासानं दत्ताशेठ आला. चऱ्होलीपासूनच्या रस्त्यावरची गर्दी लक्षात घेता तो कसा आला असेल ते त्यालाच माहीत. आत्या खाटेवर बसल्या होत्या, हात गळ्यात. तो समोर उभा राहिला. मग त्यानं खाली वाकून खाटेखालचे त्यांचे बूट काढले, त्यांच्या पायात घातले आणि नाड्या बांधल्या. त्याच संध्याकाळी तो त्यांना चऱ्होलीला घेऊन गेला.

पुढच्या वर्षी तिथेच त्या गेल्या. झोपेत गेल्या म्हणाले. गल्लीतून दोन टेम्पो भरून माणसं गेली होती. घोलपांची तोवर दुसरीकडे बदली झाली होती, तेही आले होते.

पण मी त्यांना शेवटचं चालतं-बोलतं पाहिलं ते त्याआधी काही महिने. कंपनीतल्या एका मैत्रिणीनं चऱ्होलीला घर घेतलं होतं, तिकडे स्कूटरवर निघाले होते. नव्या इमारतींच्या मधला रस्ता अजून व्हायचा होता. खडी टाकलेली, मध्ये मध्ये खोदलेलं, आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी साचलेलं. पुढे पाण्याचा टँकर उलटा येत होता म्हणून मी थांबले. टँकरच्या पलीकडे आत्या आणि दत्ताशेठ दिसले. रस्ता ओलांडत होते. समोरच्या बाजूला पालिकेची पाटी लावलेली जीप उभी होती, त्यांना तिकडेच जायचं असावं. दत्ताशेठ पुढे. खडीवर पाय टाकून, दाबून बघत, एकेक पाऊल. मध्येच थांबून तो मागे हात करायचा. आत्या तो हात धरत नव्हत्या. दोन्ही हातांनी लुगडं वर धरून, खाली बघत, त्या आपल्या आपण येत होत्या. त्यानं दोनदा हात केला, दोनदा मागे घेतला.

जीपच्या अलीकडे मोठं डबकं होतं. दत्ताशेठ ते ओलांडून पलीकडे गेला आणि वळून उभा राहिला. या वेळी त्यानं हात केला नाही, नुसता थांबला. आत्यांनी डबक्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, लुगडं धरलेला एक हात सोडवला आणि त्याच्यापुढे केला.